गाढवाखालचा कायदा

उत्तर कोकणातल्या एखाद्या देवळाच्या आवारात अर्धवट रुतलेला, वर चंद्रसूर्य, मध्ये झिजलेली अक्षरे आणि तळाशी स्त्रीशी संग करणारे गाढव कोरलेला दगड पाहून कसारा घाट चढून परत आलेली आमची नाशिककर मंडळी जेव्हा त्यास निःशंकपणे 'वाममार्गी पंथाचा अवशेष' ठरवून मोकळी होतात, तेव्हा आरंभी समजूत घालावीशी वाटते. तेच विधान वाढत्या आत्मविश्वासाने पुन्हा पुन्हा कानी आले की मात्र संयम सुटतो. असा दगड, म्हणजे गधेगाळ, हे कामशिल्प नव्हे आणि गूढ उपासनेचे साधन तर नव्हेच नव्हे. तो भूमिदानाच्या राजशासनाचा भाग आहे.

दगड वरून खाली वाचावा. चंद्रसूर्यांचा अर्थ, हे दान आचंद्रार्क चालावे. मधल्या ओळींत दाता, दान आणि काळ. आणि तळाचे चित्र बजावते की जो कोणी हे शासन लोपील त्याच्या आईची अशी विटंबना होवो. हा माझा तर्क नव्हे. शिलाहार राजा अपरादित्याच्या परळ येथील ११८७ च्या लेखात हा शाप प्राचीन मराठीत, आजच्या सभ्य माणसाने कानांवर हात ठेवावेत इतक्या स्पष्ट शब्दांत आहे आणि शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात तो कोणासही वाचता येईल. संस्कृत ताम्रपट भूमी हरण करणाऱ्यास साठ हजार वर्षे विष्ठेतला कृमी होण्याचे भय घालीत. परंतु ज्यास संस्कृत नाही आणि अक्षरओळखही नाही, त्याला गाढव तेवढे निश्चित कळे. चित्राने वाक्य बोलण्याची ही रीत काही जगावेगळी नाही: घानातले अकान लोक सोन्याची भुकटी तोलण्याच्या पितळी वजनांवर आपल्या म्हणी अशाच मूर्त करीत, आणि तेथील मागे मान वळवलेला पक्षी विसरलेले परत जाऊन घ्यावे असे सांगतो.

'पवित्र दानाखाली असले चित्र कशाला?' असा प्रश्न विचारणाऱ्यांनी घराजवळच्या, नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्र सातकर्णीचा अठराव्या राज्यवर्षातला लेख पाहावा. भिक्षूंना दिलेल्या दोनशे निवर्तने शेतात राजसेवकांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती तेथे आहेत; आणि ते शेत तोवर ऋषभदत्ताच्या, म्हणजे पाडाव झालेल्या नहपानाच्या जावयाच्या, भोगवट्यात होते, हेही तो लेखच सांगतो. राज्य पालटले की जमिनीचा धनी पालटतो, ही धास्ती इतकी जुनी आहे. तिच्यावरचा उतारा म्हणून पुढे शाप आले, गाढव आले आणि मराठी सनदा-महजरांत, दान मोडणारा हिंदू असल्यास गाईची व मुसलमान असल्यास सुवराची शपथ आली.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड सतीचा, गधेगाळ नव्हे. चंद्रसूर्य वीरगळावरही असतात, पण तेथे खाली लढाई असते. पांडवलेणी पांडवांनी कोरली नाहीत; ती बौद्ध भिक्षूंची. दगडाखाली गुप्तधन नसते, बहुधा लेखाच्या उरलेल्या ओळी असतात. तेव्हा पहार लावू नये, आणि शेंदूर तर मुळीच फासू नये, कारण त्याची पुटे चढली की अक्षरांचा ठसा धड उमटत नाही.