चांदी, गहू आणि ‘लोकांचा पक्ष’

‘पॉप्युलिझम’साठी मराठी वृत्तपत्रांनी ‘लोकानुनय’ हा शब्द रूढ केला आहे. अनुनय म्हणजे मनधरणी. त्यामुळे हा शब्द वाचला की फुकट वाटपाची आश्वासनं देणारा पुढारी डोळ्यांसमोर येतो आणि लोक उरतात ते फक्त भुलणारे. मूळ इंग्रजी शब्द मात्र कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या चळवळीतून आला. जागतिकीकरणाविरुद्धचा आजचा रोष समजून घ्यायचा, तर त्या शब्दाच्या जन्मापासून सुरुवात करणं मला सोयीचं वाटतं. मुंबईच्या टांकसाळीचाही त्या कथेशी संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जग आजच्यासारखंच वेगानं जवळ आलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेनं जोडली गेली. आगगाड्या आणि आगबोटींमुळे वाहतूक स्वस्त झाली. कॅन्ससचा, रशियाचा आणि पंजाबचा गहू लिव्हरपूलच्या एकाच बाजारात येऊ लागला. युरोपातल्या कामगाराची भाकर स्वस्त झाली, पण गहू पिकवणाऱ्याचा भाव पडला. अमेरिकेत १८८० च्या सुमारास बुशेलला एक डॉलरच्या आसपास असलेला दर १८९४ मध्ये अर्ध्या डॉलरवर आला.

यात चलनाची भर पडली. जर्मनीनं सुवर्णचलन स्वीकारलं. अमेरिकेनं १८७३ मध्ये चांदीच्या डॉलरची खुली नाणेपाडणी थांबवली आणि १८७९ पासून ती प्रत्यक्ष सुवर्णचलनावर आली. सोनं मर्यादित आणि व्यवहार वाढते, त्यामुळे किमती उतरत गेल्या. शेतकऱ्याला याचा अर्थ साध्या हिशेबातून कळत होता. गहू एक डॉलर असताना हजार डॉलरचं कर्ज काढलं, तर फेडायला हजार बुशेल लागत. भाव निम्मा झाला की त्याच कर्जाला दोन हजार बुशेल, आणि व्याज वेगळं. सावकारानं कागदावर काही बदललं नव्हतं, तरी कर्ज दुप्पट झालं होतं.

या शेतकऱ्यांनी ‘पीपल्स पार्टी’ उभी केली आणि तिच्या अनुयायांना ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव पडलं. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा इथल्या अधिवेशनात पक्षानं जाहीरनामा मांडला: चांदीची खुली नाणेपाडणी, चढत्या दराचा प्राप्तिकर, रेल्वे आणि तारखात्याची सरकारी मालकी. त्या वर्षी पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मतं मिळाली.

आता मुंबईकडे येऊ. आपला रुपया चांदीचा होता. चांदी घसरली तसा तोही घसरला. १८७० च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. घसरत्या रुपयामुळे हिंदुस्थानी गव्हाला परदेशात फायदा मिळतो, ही अमेरिकेतल्या चांदीवाद्यांची एक मोठी तक्रार होती. मुंबईच्या गिरण्यांनाही चीनला सूत विकताना घसरता रुपया सोयीचा होता. पण लंडनला स्टर्लिंगमध्ये पैसे भरावे लागणाऱ्या हिंदुस्थान सरकारचा खर्च वाढत होता. अखेर २६ जून १८९३ रोजी सरकारनं टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. काही दिवसांतच चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोतल्या खाणी बंद पडल्या. आधीच आर्थिक अरिष्टात सापडलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांनी, क्लीव्हलँड यांनी, ३० जूनला संसदेचं खास अधिवेशन बोलावलं आणि सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करून घेतला.

इथल्या रयतेचं काय झालं? पूर्वी अडचणीच्या वेळी तोडे-वाळे वितळवले की त्या चांदीचे रुपये पाडून मिळण्याची वाट खुली होती. आता रुपया महाग झाला आणि घरातली चांदी स्वस्त. शेतसारा आणि कर्ज मात्र रुपयातच भरायचं होतं. सरकारी अंदाजपत्रकातली शिल्लक समृद्धीची नसून महाग झालेल्या रुपयाची आहे, हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकी भाषणात आकड्यांनिशी दाखवलं. कॅन्ससचा आणि पुणे जिल्ह्याचा शेतकरी एकमेकांना ओळखत नव्हते. पण ज्या निर्णयांचा भार त्यांच्यावर पडला, त्या निर्णयांत दोघांनाही विचारलं गेलं नव्हतं.

१८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं चांदीचा मुद्दा उचलला आणि पॉप्युलिस्टांनी त्याच पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना पाठिंबा दिला. ते हरले. पुढे दक्षिण आफ्रिकेतलं सोनं बाजारात आलं, किमती चढू लागल्या आणि पक्ष विरून गेला. त्याच्या मागण्या मात्र टिकल्या. प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये घटनादुरुस्तीनं आल्या.

दुसरा वारसा काळा आहे. जॉर्जियाचे पॉप्युलिस्ट नेते टॉम वॉटसन आरंभी गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांनी एकत्र यावं असं सांगत. पराभवानंतर तेच वॉटसन कृष्णवर्णीय, ज्यू आणि कॅथलिक यांच्याविरुद्ध विष पेरू लागले आणि १९२० मध्ये सिनेटवर निवडून आले. एकाच तक्रारीतून कर आणि कर्जाचा हिशेब मागणारं राजकारण निघू शकतं, तसंच शेजाऱ्याला शत्रू ठरवणारंही.

आजच्या घटनांकडे मी याच नजरेनं पाहतो. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेतल्या कारखान्यांतले रोजगार २००० मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख होते, ते २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाखांवर आले. सगळा दोष चीनचा नव्हे, यंत्रांचा आणि मंदीचाही वाटा आहे. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ च्या शोधनिबंधात दाखवलं की चिनी मालाची झळ काही ठरावीक भागांत साचली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तिथला माणूस दुसरीकडे नवं काम शोधायला हवा होता. प्रत्यक्षात बरेच जण तिथेच राहिले, बेकार किंवा कमी पगारावर. स्वस्त मालाचा लाभ कोट्यवधी ग्राहकांत थोडा थोडा वाटला गेला. नुकसान मात्र फर्निचर आणि कापडाच्या गावांवर एकवटलं. ब्रिटनमध्येही चिनी आयातीची जास्त झळ बसलेल्या भागांत २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याकडे कल अधिक दिसला, असं संशोधन आहे.

व्यापारातून होणारा एकूण लाभ तोट्याहून मोठा असतो, म्हणून तोटा सोसणाऱ्याला भरपाई देऊनही सगळे फायद्यात राहू शकतात, असं अर्थशास्त्र सांगतं. यातलं ‘देऊ शकतो’ हे क्रियापद महत्त्वाचं आहे. अमेरिकेत भरपाईची योजना १९६२ पासून होती, पण नुकसानीच्या मानानं ती तुटपुंजी राहिली. हा न दिलेला हिशेब पुढे मतपेटीतून मागितला जातो.

म्हणून ‘लोकानुनय’ हा शब्द मला अपुरा वाटतो. तो पुढाऱ्याचं वर्तन सांगतो, मतदाराची तक्रार सांगत नाही. परक्यांवर खापर फोडणाऱ्या पुढाऱ्याला विरोध करायलाच हवा. पण त्याच्या सभेत बसलेल्या माणसाचं कर्ज किंवा गेलेली नोकरी खरी असेल, तर त्याला भोळा ठरवून त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ते उत्तर व्यापारातून ज्यांना लाभ झाला त्यांनी द्यायचं असतं.