मार्शल्सी ते खामगाव : कर्जाचा तुरुंग

1824 साली लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात जॉन डिकन्स हा कारकून डांबला गेला. पाववाल्याचे चाळीस पौंड थकले होते, एवढाच त्याचा अपराध. त्याचा बारा वर्षांचा मुलगा चार्ल्स तेव्हा बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर राबत होता. पुढे याच तुरुंगावर त्याने ‘लिटल डॉरिट’ लिहिली. ती 1855 ते 1857 या काळात भागाभागाने छापून आली, पण मार्शल्सी तर 1842 सालीच बंद झाला होता. मग बंद पडलेल्या तुरुंगावर एवढी जाडजूड कादंबरी कशासाठी? बालपणीची जखम हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कादंबरीत तुरुंगाच्या जोडीला सर्कमलोक्यूशन ऑफिस नावाची सरकारी कचेरी आहे. तिथल्या खुर्च्या बार्नेकल घराण्याने अडवल्या आहेत आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. विल्यम डॉरिट हा कर्जदार वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात आहे. त्याचे सावकार कोण, एवढे विचारायला गेलेल्या आर्थर क्लेनमलाही ही कचेरी हात हलवत परत पाठवते. माझ्या मते डिकन्सचा खरा रोख इथे आहे. माणसाची दाद कुठेच लागत नसेल, तर कुलूप काढूनही तो कैदीच राहतो.

आपल्याकडचा इतिहास याच वाटेने गेला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या उठावानंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई झाली. पण तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. बुलढाण्यासह सारा वऱ्हाड त्याच्या बाहेर राहिला. 1936 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली. ऐपत असूनही देणे चुकवणाऱ्यालाच कैद, असा तिचा सारांश. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हेच तत्त्व ठणकावून सांगितले. म्हणजे आपला मार्शल्सीही कागदावर तरी जवळजवळ बंद झाला.

आणि तरीही 2006 साली बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात काय घडले? सावकारीच्या छळाची तक्रार घेऊन शेतकरी पोलिसांकडे गेले. सावकार एका आमदाराच्या घरातले होते. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून खामगाव शहर पोलीस ठाण्यात फोन आला आणि त्याची नोंद स्टेशन डायरीत झाली. या घराविरुद्धची तक्रार आधी जिल्हा सावकारविरोधी समितीपुढे ठेवावी, सरकारी वकिलाचे मत घ्यावे आणि मगच गुन्हा नोंदवावा, असे फर्मान निघाले. त्याच वर्षी 1 जुलैला पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले; त्या सहांत बुलढाणा होता. एका हाताने मदत आणि दुसऱ्या हाताने फिर्यादीची वाट बंद! 14 डिसेंबर 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हस्तक्षेप घटनाबाह्य ठरवला आणि राज्य सरकारवर बसलेला 25 हजारांचा खर्च 10 लाखांवर नेला. तो निकाल मिळेपर्यंत साडेचार वर्षे गेली होती.

कादंबरी हा पुरावा नव्हे, असे कुणी म्हणेल. मान्य. खामगावचा पुरावा डिकन्सकडून घ्यायचाच नाही. तो स्टेशन डायरीत आहे. डिकन्स फक्त ती नोंद वाचायची कशी ते शिकवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बँक दारात उभी करत नाही तेव्हा पेरणीला पैसा सावकारच देतो, मग त्याला खलनायक का करायचे? सावकाराची गरज मी नाकारत नाही. पण त्याच्याविरुद्ध तक्रार करता येणार नसेल, तर तो व्यवहार उरत नाही. गहाणाच्या नावाखाली खरेदीखत करून घेतले जाते आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढतो, तो याच खात्रीवर. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने अशी जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना दिला आहे. मात्र त्यांच्याकडे आलेल्या अर्जाची चौकशी कुणाच्या फोनविना, वेळेत होईल, याची हमी कायद्यात लिहिता येत नाही. ती जिल्ह्याच्या कचेऱ्यांनाच रोज द्यावी लागते.