बाम्बर्ग : धुराची चव

जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या बाम्बर्गला आलात, तर पहिला ग्लास ‘राउखबिअर’चा घ्या. राउख म्हणजे धूर. भिजवून मोड आणलेलं जव इथे बीच झाडाच्या लाकडाच्या जाळावर सुकवतात. तो धूर दाण्यात मुरतो आणि थेट ग्लासापर्यंत येतो. पूर्वी बहुतेक बिअरला असा वास असायचाच. पुढे धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि बाकीच्यांनी तो सोडला. श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या बिअर बनवणाऱ्या दोन जुन्या घरांनी मात्र सोडला नाही.

श्लेंकेर्लाची ‘मेर्त्सन’ ही बिअर गडद तपकिरी, मद्यांश ५.१ टक्के. पहिल्या घोटाला चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं, काहींना तर भाजलेल्या सुकटीची आठवण होईल. तिसऱ्या ग्लासानंतर ती आवडू लागते, असं गावकरी सांगतात. तो ग्लास अर्ध्या लिटरचा असतो, हे आपलं आपण लक्षात ठेवायचं. गंमत म्हणजे श्लेंकेर्लाच्या फिक्या ‘हेलेस’मध्ये धुरी दिलेलं जव नसतंच, पण भांडी आणि यीस्ट तेच, त्यामुळे धुराची पुसट चव उतरतेच. बिचकणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. श्पेत्सिआलची धुरी त्याहून सौम्य, मला तीच जास्त भावली.

उन्हाळ्यात गावकरी ‘तळघरावर’ जातात. बिअर थंड ठेवायला टेकडीच्या पोटात तळघरं खोदली होती. त्यांच्यावर, झाडांच्या सावलीत बाकं मांडलेली असतात.