गुरगुरण्याच्या अलीकडे

नवी मुंबईतील सीवूड्सच्या एका गृहसंकुलातील भटक्या कुत्र्यांना अन्न घालण्याचा तंटा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. परंतु कुत्रा आक्रमक का होतो, हा प्रश्न मला त्याहून मूलगामी वाटतो. एकाच्या हाती पोळी, दुसऱ्याच्या हाती काठी, आणि त्यांपैकी काय केव्हा वाट्यास येईल याचा अदमास नाही, अशा स्थितीत वाढलेले जनावर भयापोटीच अंगावर धावते. त्यास मारून गप्प केल्याने भय तसेच राहते आणि गुरगुरण्याची पूर्वसूचना तेवढी नाहीशी होते, म्हणून हा उपाय मला घातक वाटतो.

समजा, काठीधारी पहारेकरी दिसताच एखादा कुत्रा खवळतो. ज्या अंतरावर तो त्यास पाहतो, पण त्याचे अंग अद्याप ताठरत नाही, तेथे पहारेकऱ्याने स्तब्ध उभे राहावे. तो दिसताच उकडलेल्या अंड्याचे तुकडे मिळावेत, दृष्टीआड होताच थांबावेत. शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने अभ्यासिलेले साहचर्य, म्हणजे एका गोष्टीशी दुसरीची जोड बसणे, येथे कामी येते. अंतर दिवसागणिक थोडथोडे घटवावे. कान मागे गेले, ओठ चाटणे सुरू झाले, नजर खिळली, की निमूट मागे सरावे.

पशु जन्म नियंत्रण नियम, 2023 मध्ये अन्न घालण्याच्या निश्चित जागा व वेळा ठरविण्याची तरतूद आहे. तिची तामिली झाल्यास, केव्हा काय मिळेल याचा जो अदमास या सरावात कुत्र्यास येतो, तोच नियमितपणा रस्त्यावरही येईल. मात्र स्वभाव एकाएकी पालटलेल्या कुत्र्यास आधी पशुवैद्यकाकडे न्यावे, कारण दुखरा कान वा सांधा शिक्षणाने बरा होत नाही.