संशोधन, वृत्तपत्र आणि रुग्णाच्या खिशातील कात्रण

कबनूर येथील आमच्या चिकित्सालयात एके सकाळी यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ आले. खिशात वृत्तपत्राचे कात्रण. मथळा, ‘मधुमेहावर रामबाण वनस्पती’. दहा दिवसांपासून गोळ्या बंद ठेवून त्यांनी त्या वनस्पतीचे चूर्ण सुरू केले होते. उपाशीपोटीची रक्तशर्करा २९० वर गेली होती. कात्रण शेवटपर्यंत वाचले तेव्हा अखेरच्या ओळीत उलगडा झाला : प्रयोग उंदरांवरील होता.

वार्ताहरास दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु ‘उंदरांवर’ हा शब्द संशोधकाने स्वतः पहिल्या वाक्यात उच्चारला होता काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. प्रबंध लिहिताना साहित्य व पद्धती प्रथम आणि निष्कर्ष शेवटी येतो. वृत्तपत्राचा क्रम याच्या अगदी उलट असतो. जागा कमी पडली की बातमीचे शेपूट कापले जाते, आणि आपल्या मर्यादा नेमक्या त्या शेपटातच असतात.

एक उदाहरण पाहू. हळदीतील कर्क्युमिनचे शोषण फार अल्प होते. १९९८ साली ‘प्लँटा मेडिका’ या नियतकालिकात बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पिपेरीन २० मिलिग्रॅम दिले असता कर्क्युमिनची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. आता ‘मिऱ्यामुळे हळद वीसपट गुणकारी’ असा मथळा सहज बनतो. तो चुकीचा आहे. वाढले ते शोषण. गुण मोजलाच नव्हता. स्वयंसेवक रुग्ण नव्हते. शिवाय पिपेरीनवाचून रक्तातील मूळ प्रमाणच जेमतेम मोजता येण्याजोगे होते, त्यामुळे टक्केवारी एवढी मोठी दिसते. पिपेरीनमुळे काही आधुनिक औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढू शकते, ही गोष्ट तर बातमीत येतच नाही; आपल्याकडे येणारे निम्मे रुग्ण मात्र दोन्हीकडची औषधे घेत असतात.

म्हणून वार्ताहरास भेटण्यापूर्वी मराठीत एक पानाचे टिपण हाती ठेवावे. प्रयोग कोणावर, किती जणांवर, किती दिवस, तुलनेस गट होता की नाही आणि यावरून काय सिद्ध होत नाही, एवढे त्यात पुरे. संपूर्ण बातमी दाखवा असा हट्ट संपादक मानणार नाहीत. आकडे व औषधांची नावे तेवढी दूरध्वनीवर वाचून दाखवा, ही विनंती सहसा मान्य होते. मूळ कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवावयास सांगत आणि स्वाक्षरीसह उत्तर धाडीत. पोस्टकार्डावर मावेल एवढेच, पण चूक नसलेले उत्तर लिहिणे किती कठीण, हे प्रयत्न केल्यावाचून कळत नाही.

निबंध छापून येण्याआधी पत्रकार परिषद घेण्याची घाई मात्र नको. अमेरिकेत १९९५ साली जखमेवरील हळदीच्या उपयोगास पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ‘हळदीघाटीची दुसरी लढाई’ म्हणून ती गाजली. घरोघरी हळद लावतात हे सांगून तेथे भागले नसते. संस्कृत ग्रंथातील उल्लेख लागले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा निबंधही लागला. तो लिहिणाऱ्यांनी चव्वेचाळीस वर्षांनंतरच्या या उपयोगाचा विचार केला नसेल. त्यांनी केवळ काम नोंदवून ठेवले होते.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. अशी कात्रणे काचेखाली लावली की ती बातमी न राहता जाहिरात होते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये निषिद्ध आहे. आमच्या त्या रुग्णानेही हे कात्रण वृत्तपत्रातून कापलेले नव्हते. चूर्णाच्या पुडीसोबत ते त्यांना दुकानातच मिळाले होते.