एनबीए संघांतील अखेरच्या जागांची भरती

एनबीए संघांतील अखेरच्या जागांची भरती ही नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या अमेरिकी व्यावसायिक स्पर्धेतील संघबांधणीची एक प्रक्रिया आहे. प्रमुख खेळाडूंच्या वेतनात बहुतेक निधी खर्ची पडल्यानंतर संघयादीतील बाराव्या ते पंधराव्या क्रमांकाच्या आसपासच्या जागा अल्प खर्चात कशा भराव्यात, हा तिचा विषय होय. सामान्य प्रेक्षकाला या जागा नगण्य वाटतात. संघव्यवस्थापकांना त्या तशा वाटत नाहीत आणि ज्या खेळाडूचा चरितार्थ त्यांवर अवलंबून असतो, त्याला तर नाहीच नाही.

पार्श्वभूमी

एनबीएतील संघाला नियमित हंगामात जास्तीत जास्त १५ खेळाडूंशी पूर्ण करार करता येतो. मोजक्या दिवसांची सवलत सोडली, तर ही संख्या १४ च्या खाली ठेवता येत नाही. सध्याच्या पद्धतीची वेतनमर्यादा १९८४-८५ च्या हंगामात लागू झाली. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १३.६० कोटी डॉलर झाली. ही मर्यादा लवचीक आहे. ती ओलांडलेल्या संघालाही काही अपवादांच्या आधारे करार करता येतात आणि त्यांतील सर्वांत उपयोगी अपवाद किमान वेतनाचा आहे. संघयादीत जागा असेपर्यंत या अपवादाखाली कितीही खेळाडू घेता येतात, मात्र कराराची मुदत २ वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. वेतनमर्यादेच्या वर आणखी एक रेषा आहे. ती ओलांडणाऱ्या संघाला चढत्या दराने लक्झरी टॅक्स भरावा लागतो.

किमान वेतन आणि भरपाई

किमान वेतन खेळाडूच्या एनबीएतील अनुभवानुसार वाढत जाते. २०२३-२४ मध्ये २ वर्षांच्या अनुभवाला ते २०,१९,७०६ डॉलर, तर १० किंवा अधिक वर्षांच्या अनुभवाला ३१,९६,४४८ डॉलर होते. एवढाच नियम असता, तर प्रत्येक काटकसरी संघाने अनुभवी खेळाडूला डावलून नवख्याला घेतले असते. हे टळावे म्हणून अनुभवी खेळाडूशी किमान वेतनाचा एक वर्षाचा करार केल्यास संघाच्या खात्यावर केवळ २ वर्षांच्या अनुभवाची रक्कम धरली जाते आणि उरलेला फरक स्पर्धेचे मध्यवर्ती कार्यालय भरून देते. वरील उदाहरणात हा फरक ११,७६,७४२ डॉलर येतो. करार दोन वर्षांचा असल्यास ही भरपाई मिळत नाही. उतारवयातील खेळाडू वर्षावर्षाच्या बोलीने संघ बदलताना दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

नवख्यांच्या बाबतीतही पळवाट बुजवलेली आहे. ड्राफ्टमध्ये निवड न झालेल्या आणि २ वर्षांहून कमी अनुभव असलेल्या खेळाडूचे वेतन प्रत्यक्षात कमी असले, तरी कराच्या हिशेबात ते २ वर्षांच्या अनुभवाएवढेच धरले जाते.

‘किमान’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. २०२३-२४ च्या दरांनुसार कररेषेच्या वर १.५ ते २ कोटी डॉलरच्या टप्प्यात असलेल्या संघाला प्रत्येक जादा डॉलरमागे ३.२५ डॉलर कर पडत असे. अशा संघाने २०,१९,७०६ डॉलरचा खेळाडू घेतला, की करासह एकूण भार सुमारे ८५.८ लाख डॉलर होई. बाकावरून क्वचितच उठणाऱ्या खेळाडूसाठी ही रक्कम लहान नव्हे.

दिनदर्शिकेचा उपयोग

किमान वेतन हंगामातील उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात मोजले जाते. म्हणून अनेक संघ पंधरावी जागा काही महिने मोकळी ठेवतात. हमी नसलेला करार १० जानेवारीला उर्वरित हंगामासाठी हमीबद्ध होतो. तत्पूर्वी, ७ जानेवारीपर्यंत, खेळाडूला मुक्त केल्यास पुढील वेतन वाचते. ५ जानेवारीपासून १० दिवसांचे करार करता येतात. अशा कराराची मुदत १० दिवस किंवा ३ सामने, यांपैकी जो काळ अधिक तो असते. एका हंगामात एका संघाला एकाच खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर त्याला हंगामअखेरपर्यंत ठेवावे लागते किंवा सोडावे लागते.

टू-वे करार

२०१७-१८ पासून संघाला १५ जणांखेरीज २ खेळाडू टू-वे करारावर ठेवता येऊ लागले. २०२३-२४ पासून ही संख्या ३ झाली. असा खेळाडू मुख्य संघ आणि जी लीगमधील संलग्न संघ यांच्यात ये-जा करतो. त्याचे वेतन नवख्याच्या किमान वेतनाच्या निम्मे असते आणि ते वेतनमर्यादेत धरले जात नाही. मात्र मुख्य संघाच्या ५० पेक्षा अधिक सामन्यांसाठी त्याला उपलब्ध ठेवता येत नाही आणि करार पूर्ण स्वरूपाचा केल्याखेरीज त्याला प्लेऑफमध्ये खेळता येत नाही. या मार्गाचा सर्वांत चांगला उपयोग मायामी हीटने केला, असे म्हणता येईल. डंकन रॉबिन्सन, गेब व्हिन्सेंट, मॅक्स स्ट्रस आणि केलेब मार्टिन हे ड्राफ्टमध्ये न निवडले गेलेले चौघेही तेथे टू-वे करारावर होते आणि २०२३ मध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या संघात ते प्रमुख खेळाडू होते. याच संघाने अखेरची एक जागा वर्षानुवर्षे युडोनिस हॅस्लेम या ज्येष्ठ खेळाडूसाठी राखली. शेवटच्या हंगामांत तो मैदानावर क्वचितच उतरे; नवोदितांना शिस्त लावणे हे त्याचे खरे काम होते.

फीनिक्स सन्स, २०२३-२४

या पद्धतीच्या मर्यादा फीनिक्स सन्सच्या उदाहरणात स्पष्ट दिसतात. जून २०२३ मध्ये ब्रॅडली बीलला मिळवल्यानंतर केव्हिन ड्युरँट, डेव्हिन बुकर, डिआंद्रे एटन आणि बील या चौघांचेच वेतन १६ कोटी डॉलरहून अधिक झाले, म्हणजे संपूर्ण संघाच्या वेतनमर्यादेपेक्षाही जास्त. उरलेल्या जागांसाठी किमान वेतनाखेरीज दुसरा मार्ग जवळजवळ उरला नाही. एरिक गॉर्डन, युटा वातानाबे, ड्रू युबँक्स, कीटा बेट्स-डिऑप, चिमेझी मेटू आणि बोल बोल असे खेळाडू याच मार्गाने आले.

किमान वेतनाचा खेळाडू स्वस्त असतो, पण अदलाबदलीत त्याला फारसे मोल नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉइस ओनीलला आणताना सन्सला असे अनेक लहान करार एकत्र बांधावे लागले आणि वातानाबे, मेटू व बेट्स-डिऑप तिघेही संघाबाहेर गेले. पुढच्या हंगामापासून वेतनाची सर्वांत वरची रेषा ओलांडलेल्या संघांना अशी मोळी बांधण्यासही मनाई झाली. सन्सने त्या हंगामात ४९ सामने जिंकले. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने त्यांना ४-० असे हरवले.

जेरेमी लिन आणि सिम भुल्लर

डिसेंबर २०११ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि ह्यूस्टन रॉकेट्स या दोन्ही संघांनी मुक्त केलेल्या जेरेमी लिनला न्यू यॉर्क निक्सने संघाच्या तळाशी जागा दिली. करार हमीबद्ध होण्याची तारीख १० फेब्रुवारी २०१२ होती. त्याआधी सहा दिवस, ४ फेब्रुवारीला, त्याने न्यू जर्सी नेट्सविरुद्ध २५ गुण मिळवले आणि १० तारखेस लेकर्सविरुद्ध ३८.

एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडूही याच दाराने आत आला. कॅनडात जन्मलेल्या सिम भुल्लरशी सॅक्रामेंटो किंग्जने एप्रिल २०१५ मध्ये १० दिवसांचा करार केला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून या संघाचे प्रमुख मालक आहेत. भुल्लर त्या हंगामात ३ सामने खेळला. एनबीएतील त्याची कारकीर्द तेवढीच. पुढे तो तैवानमध्ये व्यावसायिक बास्केटबॉल खेळला.