थंड पडलेले होडीचे इंजिन

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरच्या अंगाने स्क्रूंनी आवळून बसविलेले जे लहान पेट्रोल इंजिन असते, त्यास आउटबोर्ड इंजिन म्हणतात. रायपूरच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर महानदीवर गंगरेलचे धरण आहे. तेथील रविशंकर सागर या जलाशयात नौकाविहार चालतो. नित्य वापरातील होडीचे इंजिन सहसा फारसा त्रास देत नाही. परंतु शिवनाथ, खारून किंवा महानदी यांना पूर आल्यावर माणसांच्या सुटकेसाठी जी होडी बाहेर काढावी लागते, ती बहुधा आठ-आठ महिने कोरड्या जागी पडून असते. नेमक्या त्या वेळी दोरी वीस वेळा ओढूनही इंजिन धरत नाही, असा प्रसंग येऊ शकतो. तो का येतो, हे समजून घेतल्यास तो टाळणे कठीण नाही.

येथे ‘थंड’ या शब्दाचा अर्थ हवेतील गारठा एवढाच घ्यावयाचा नाही. रायपुरास जानेवारीच्या पहाटे पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो खरा. पण जे इंजिन काही तास चाललेले नाही, ते पावसाळ्यातही थंडच असते. पेट्रोल द्रवरूपात पेट घेत नाही. त्याची वाफ हवेत मिसळली म्हणजे मग ठिणगीने ते मिश्रण पेटते. वजनाने पाहता, पेट्रोलच्या एका भागास सुमारे पंधरा भाग हवा हे योग्य प्रमाण होय. थंड इंजिनात मात्र पेट्रोलचा बराचसा अंश वाफ न होता थेंबांच्या रूपाने नळीच्या भिंतीस चिकटून राहतो, आणि सिलिंडरात पोचते ती बहुतांशी नुसती हवा. बाष्पीभवनास लागणारी उष्णता पेट्रोल भोवतालच्या धातूतूनच ओढून घेते, त्यामुळे कार्ब्युरेटरचा गळा अधिकच थंड होतो.

आता पेट्रोल हा काही एकच पदार्थ नव्हे. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक सुमारे ३५ अंशांस उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावे लागते. थंड इंजिन सुरू होते ते या हलक्या घटकांच्या जोरावर. थंड देशांत हिवाळ्यासाठी मुद्दाम हलके घटक अधिक असलेले पेट्रोल विकतात, ते याच कारणाने. उलटपक्षी, टाकीचे झाकण सैल राहिले तर सर्वांत आधी उडून जातात तेही हेच घटक. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पेट्रोलात जुलैपर्यंत पुष्कळसा जड भागच उरतो. त्यावर तापलेले इंजिन कसेबसे चालेल, पण थंड इंजिन सुरू होणार नाही. म्हणजे थंडीतला म्हणून जो दोष मानला जातो, तो छत्तीसगडात प्रत्यक्षात उन्हाळ्यात पेरला जातो!

यात अलीकडे आणखी एक गोष्ट भर घालते. २०२५ सालापर्यंत भारतातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्के झाले. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शिवाय ते हवेतील ओल शोषून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तर तळातूनच इंधन ओढते.

या अडचणीवर इंजिनातच एक उपाय योजलेला असतो. तो म्हणजे चोक. ही पडदी मिटली की हवेची वाट अरुंद होते, आतील ओढ वाढते व पेट्रोल अधिक येते. प्रथम टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडावा, मग नळीतील रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबावा. फुगा कडक होतच नसेल तर नळीत कोठे तरी हवा शिरत आहे, किंवा फुग्याच्या झडपा निकामी झाल्या आहेत, असे समजावे. चालकाच्या मनगटास बांधावयाची सुरक्षा-दोरी बटणाशी नीट अडकविली आहे ना, हेही पाहावे. हा विसर भल्याभल्यांना पडतो. दोरी आधी सावकाश ओढून अडेपर्यंत आणावी आणि नंतर एका झटक्यात ओढावी, कारण हाताने सुरू करावयाच्या इंजिनात ठिणगीचा जोर चाकाच्या वेगावर अवलंबून असतो. इंजिन एकदा खोकले की चोक अर्धा उघडावा.

आठ-दहा ओढी वाया गेल्यावर अधिक जोर करण्यात अर्थ नाही. अशा वेळी प्लग काढून पाहावा. तो खरा साक्षीदार. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचलेलेच नाही. ओला असून पेट्रोलचा दर्प येत असेल, तर पेट्रोल अति झाले आहे. मग प्लग पुसून परत बसवावा, चोक पूर्ण उघडावा, वेगाची मूठ पूर्ण फिरवावी आणि काही ओढी घ्याव्यात. ठिणगी तपासावयाची झाल्यास सांडलेल्या पेट्रोलची वाफ आधी विरू द्यावी व प्लग छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूस टेकवून धरावा.

ज्याचा तगादा वरचेवर लागतो, त्या इंजिनाविषयी एक प्रश्न विचारणे उपयोगी ठरते: गरम झाल्यावर ते सहज सुरू होते काय? होत असेल तर ठिणगी व दाब बहुधा ठीक आहेत. दोष चोकमध्ये, शिळ्या पेट्रोलात किंवा कार्ब्युरेटरच्या मंदगतीच्या बारीक छिद्रात असावा. जुने पेट्रोल सुकून तयार होणारा चिकट थर हे छिद्र बुजवून टाकतो. याउलट, थंड असता सुरू होणारे इंजिन गरम झाल्यावर हटून बसत असेल, तर संशय तापून बिघडणाऱ्या विजेच्या गुंडाळीकडे न्यावा.

यास्तव पावसाळा संपला की टाकी रिकामी करावी, आणि नळी सोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही बराचसा कोरडा होतो. मे महिन्याच्या अखेरीस ताजे पेट्रोल भरून चाचणी घ्यावी. दुआघाती इंजिनास त्यात ठरलेल्या प्रमाणात वंगण मिसळावे लागते. ही चाचणी कोरड्यात कधीही घेऊ नये, कारण पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र पाण्यावाचून थोड्याच वेळात जळते. पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवून ते सुरू करावे व मागील छिद्रातून पाण्याची धार येते की नाही, इकडे लक्ष ठेवावे.